अकरावी पुडी

वेल्ह्याच्या बाजारात आमच्या दुकानाच्या बाळगुटीच्या अकरा पुड्या विकल्या गेल्या होत्या, आणि त्या अकराच्या अकरा परत आणायच्या होत्या. एखाद्या बाळाच्या ओठाला ती गुटी लागायच्या आत.

चूक माझ्या हातची होती.

भोरच्या पेठेत आमचं काष्ठौषधींचं दुकान. मामंजींनी काढलेलं. ते गेल्या वर्षी गेले, तेव्हापासून हे बघतात; जोडीला ह्यांचे थोरले चुलतभाऊ, रघुवीरभावजी. दुकानात शंभर जिन्नस असले तरी नाव बाळगुटीचं. हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, अतिविष असे अख्खे तुकडे एका फडक्यात बांधायचे. घरी आईने ते सहाणेवर दुधात उगाळायचे, कशाचे दोन वळसे, कशाचा एकच, आणि बोटाने बाळाला चाटवायचं. डोंगरातल्या गावांना वैद्य जवळ नाही, डॉक्टर तर नाहीच. म्हणून मामंजी पुड्या घेऊन दर बाजाराला स्वतः वेल्ह्याला जायचे, आणि आता हे जातात.

या सगळ्यात जपायचं ते अतिविषाला. त्याच्यासारखंच दिसणारं दुसरं एक मूळ असतं, बचनाग. जहाल विष. दोन्ही सुकली की बाहेरून ओळखू येत नाहीत. टोक मोडलं की कळतं. अतिविष आत खडूसारखं पांढरं, जिभेला लावलं तर नुसतं कडू. बचनाग काळपट, आणि जिभेचा शेंडा मुंग्या येऊन बधिर होतो. म्हणून आमच्याकडे प्रत्येक मुळाचं टोक मोडून, जिभेला लावून मगच ते पुडीत जातं. हे काम ह्यांचं. अंगावर पिणारं मूल असलेल्या बाईने ते करायचं नाही, असा सासूबाईंचा दंडक.

त्या दुपारी सुलू निजली होती. आठ महिन्यांची पोर, निजली तरी एक डोळा माझ्यावर. दुसऱ्या दिवशी बाजार होता आणि पुड्या कमी पडणार होत्या. माजघरात मुळांच्या दोन परड्या होत्या; एक तपासलेल्या मालाची, एक नुकत्याच आलेल्या. मला वाटलं, दोन्ही बघून झाल्यात. दुकानात जाऊन विचारावं तर तेवढ्यात पोर उठेल. टोकं मोडलेली आहेत का, एवढं तरी बघायचं. तेही बघितलं नाही. सुलूच्या जुन्या पिवळ्या कुंचीच्या चिंध्या फाडल्या आणि भराभर अकरा पुड्या बांधल्या. ती अजून उठली नाही म्हणून मनात खूशही झाले.

बाजार होऊन दोन दिवस झाल्यावर हे नवी परडी घेऊन तपासायला बसले. तिसरं मूळ जिभेला लावलं आणि थुंकले. चूळ भरून आले ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. मला म्हणाले, पिवळ्या चिंधीच्या पुड्या कुठल्या परडीतून बांधल्यास? मी बोटाने परडी दाखवली.

रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते खाली बसले, परडीतली सगळी मुळं मोडली. बहुतेक पांढरी होती. चार काळी निघाली.

रघुवीरभावजी शहाणे माणूस, वाईट नव्हेत. त्यांचं म्हणणं असं की गाजावाजा करू नये. वेल्ह्याला जावं, सांगावं की याहून चांगला माल आलाय, जुनी पुडी द्या आणि नवी फुकट न्या. आपोआप सगळ्या परत येतील आणि दुकानाच्या नावाला धक्का लागणार नाही. विषाचं दुकान असं एकदा नाव पडलं की मामंजींची चाळीस वर्षं मातीत.

हे म्हणाले, "दादा, चांगली मिळतेय म्हणून बाई हातातली टाकत नाही. ती म्हणेल, आहे ती काय वाईट आहे, आणि ठेवून देईल. पुडी परत आणणारी एकच गोष्ट आहे, खरं सांगणं."

भावजींनी विचारलं, आणि दुकान?

"बाळांसाठीच काढलंय ना ते?"

अर्ध्या तासात ह्यांनी तट्टावर खोगीर घातलं. नीट तपासलेल्या पंधरा पुड्या बरोबर घेतल्या. सूर्य पुरता वर यायच्या आत ते डोंगराच्या वाटेला लागले होते.

पुढचे तीन दिवस मी कसे काढले ते सुलूलाच माहीत. ती अंगावर प्यायला आली की माझं लक्ष तिच्या ओठांकडे जाई. असे अकरा ओठ.  पोरीला न्हाऊमाखू घालायचं काम सासूबाईंनी आपल्याकडे घेतलं.

तिसऱ्या दिवशी वेल्ह्याचा गेनू तांदूळ घेऊन पेठेत आला. दुकानाच्या पायरीवर बसून, पाणी पिऊन झाल्यावर भावजींना म्हणाला, "तुमचं मालक चांगलं हायती ना? न्हाई, म्हंजी गावात दवंडी देऊन सवताच्याच दुकानाची बदनामी करत्यात. असा येपारी म्या जल्मात बगितला न्हाई."

भावजींनी कपाळाला हात लावला. मी दाराआडून विचारलं, पुड्या किती मिळाल्या. गेनू म्हणाला, दहा. त्यातली एक गावातल्या सगुणाबाईची; तिने नातवाला एक वळसा उगाळून दिला होता. पोराच्या तोंडाला फेस आला, दूध ओढीना. म्हातारीने घाबरून पुडी बाजूला ठेवली. रात्रभर पोर मलूल होतं, आता हसतंखेळतंय, बरं आहे. ह्यांना बघून सगुणाबाईने भर चावडीपुढे अशा शिव्या घातल्या की कोतवालाने ढोलकं खाली ठेवलं. हे मान खाली घालून उभे राहिले आणि शिव्या संपल्यावर त्या पोराजवळ जाऊन बसले.

आणि अकरावी?

अकरावी पलीकडच्या पासली गावाला गेली होती. बाजारात आमच्याशेजारी कांदेलसूण घेऊन बसते ती साळूबाई, तिला आठवलं. पासलीची धोंडाबाई लेकीसाठी घेऊन गेली म्हणाली. लेकीचे दिवस भरलेले. हे तसेच पासलीच्या वाटेला गेले. यापुढचं गेनूला माहीत नव्हतं.

त्या दिवशी मी जेवले नाही. देवापुढे बसले तर काय मागावं तेही कळेना. बाळ जन्माला येऊ दे म्हणू, की दोन दिवस थांबू दे म्हणू?

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना तट्टू दाराशी थांबलं. मी सुलूला कडेवर घेऊन ओसरीत आले. ह्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, होकाराची, आणि मी तिथेच उंबऱ्यात बसले. सुलू माझ्या तोंडावरून हात फिरवत राहिली. तिला वाटलं, आई खेळतेय.

मग ह्यांनी सांगितलं. पासलीला पोचले तेव्हा धोंडाबाईच्या घरात सुईण बसलेली, आतून लेकीच्या कण्हण्याचा आवाज. धोंडाबाई सहाण धुऊन तयार. पुडी तिने तांदळाच्या कणगीत जपून ठेवलेली. मागितली तर देईना. तिला वाटलं, हा माणूस भलत्या वेळी अपशकुन करायला आलाय.

"माजी हाय ती. पैकं मोजून घेतलीया म्या," ती म्हणाली.

ह्यांनी सांगितलं, बाई, त्यातल्या मुळांत विष असेल. असेलच असं नाही, पण असेल. माझ्या दुकानातून तसंच गेलंय, न तपासता. तिने बराच वेळ ह्यांच्याकडे बघितलं. मग कणगीत हात घातला. पुडी सोडली, ह्यांनी मूळ मोडलं.

"काळं होतं?" मी विचारलं.

"काळं होतं."

  धोंडाबाईने मग नवी पुडी घेतली, त्यातलं मूळ ह्यांना जिभेला लावायला लावलं, मग स्वतः लावलं, आणि म्हणाली, आता पोर हुईस्तवर हितंच बसायचं. म्हणून हे रात्री तिच्या अंगणात बसले. पहाटे मुलगा झाला. रडला तो पार वाड्यावस्त्यांपर्यंत ऐकू जाईल असा. आता घाई नको, सहाव्या दिवशी चाटवीन म्हणाली, आणि ह्यांच्या पंच्यात शेरभर आंबेमोहर बांधून दिला.

मी विचारलं, पुड्या कुणी बांधल्या म्हणून सांगितलंत?

"मी सांगितलं, दुकान माझं आहे," हे म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

भावजी म्हणत होते ते सगळंच खोटं नव्हतं. पुढच्या दोन बाजारांना वेल्ह्यात आमच्या पालापुढे कोणी थांबलं नाही. सगुणाबाई येताजाता मोठ्याने बोलायची. हे गेले, दिवसभर बसले, पुड्या परत घेऊन आले. भावजी एकदाही बोलले नाहीत, मी तुला सांगितलं होतं म्हणून. उलट दुसऱ्या खेपेला तेच म्हणाले, पुड्या आता तिथे बायांच्या समोर बांधू या. आणि बांधायला बाईमाणूस असलं तर बरं.

म्हणून तिसऱ्या बाजाराला मी गेले, छकड्यातून, सुलूला घेऊन. आदल्या दिवशी जाऊन सगुणाबाईच्याच ओसरीवर उतरलो. ह्यांनी विचारलं आणि तिने, काय बोलायचं ते बोलून, जागा दिली. सकाळी पालात बसले तेव्हा मान वर करायची माझी छाती होईना. बऱ्याच वेळाने साळूबाई आपले कांदे तसेच सोडून उठून आली. परडीतलं एक मूळ उचललं, मोडलं, आत बघितलं, जिभेला लावलं, तोंड वेडंवाकडं केलं.

"कडू हाय," ती मागच्या बायांना ओरडून म्हणाली. मग मला, "तू बांदल्या व्हत्यास व्हय त्या पिवळ्या पुड्या?"

मी हो म्हणाले.

"लेकरू लहान हाय. हुतं आसं." तिने कांद्याची माती लुगड्याला पुसली आणि हात पुढे केले. "आन ती पोर हिकडं. दोनी हातानं बांद."

सुलू तिच्याकडे गेली, रडली नाही. मी पुड्या बांधू लागले.