लाल ठिपक्याचं मॅगझिन

मी पिस्तुलाचं मॅगझिन बोलतोय, आणि आधीच सांगून टाकतो, भित्रं मॅगझिन बोलतोय. हसू नका. पिस्तुलाच्या मुठीत खालून सरकवतात ती गोळ्यांची चपटी लोखंडी पेटी म्हणजे मी. पोटात स्प्रिंग, स्प्रिंगवर तेरा गोळ्या, वर दोन ओठ. एक गोळी उडाली की पुढची ओठांशी आणून द्यायची, एवढंच माझं काम. आणि तेवढंच मला धड जमत नाही.

जन्म दूरच्या कारखान्यातला. तिथून जुन्या घडणीच्या नऊ एमएम पिस्तुलांबरोबर कोल्हापुरातल्या एका पोलीस पथकाच्या शस्त्रागारात आलो. तरुणपणी मी कधी अडकलो नाही हो! पण एकदा घाईत कुणाच्या तरी हातून सुटलो, फरशीवर तोंडावर आपटलो आणि माझा एक ओठ फाकला. स्प्रिंगही दमली होती. तेव्हापासून ऐनवेळी माझी दातखीळ बसते.

लोक शिव्या द्यायचे ते पिस्तुलाला. "म्हातारं झालंय, भंगारात घाला." शस्त्रागार सांभाळायचे गणपतराव हवालदार. त्यांनी त्याच पिस्तुलात दुसरं मॅगझिन घातलं, पिस्तूल सुरळीत चाललं. तिसरं घातलं, तरी चाललं. मग मला घातलं. एक गोळी गेली, दुसरी नाक खाली घालून अडकली.

"पिस्तूल गुणाचं हाय की," गणपतराव म्हणाले. "घोडं पेंड खातंय ते हितं."

त्यांनी माझ्या बुडावर लाल ऑइलपेंटचा ठिपका लावला. ठिपकेवालं कामगिरीवर द्यायचं नाही, असा त्यांचा नियम. खरं सांगू? मला हायसं वाटलं. कुणाचा जीव माझ्या या फाकल्या ओठावर टांगणीला लागणार नव्हता.

पण गणपतरावांनी मला टाकलं नाही. सरावाच्या दिवशी ते मला मुद्दाम, न सांगता नव्या पोरापोरींच्या पिस्तुलात सरकवायचे. तशीच एकदा शिरोळची संयोगिता आली. नवी कॉन्स्टेबल, बोलायला एकदम खणखणीत. मी अडकलो की तिचं डोकं फिरायचं.

"मुडदा बशिवला ह्या मॅगझिनचा! काका, दुसरं द्या की."

"तू दुसरं मागस्तवर चोर थांबणार हाय व्हय?" गणपतराव तिच्यावर डाफरायचे. "खालनं थाप मार, वरची स्लाइड मागं ओढ, सोड. थाप, ओढ, सोड! झोपंतबी हात चालला पायजे."

बिचारीच्या तळव्याला घट्टे पडले. मला वाईट वाटायचं, पण सरावाच्या मैदानात कुणी मरत नाही, एवढा धीर होता.

मग यंदाची खंडेनवमी आली. पांढऱ्या चादरीवर सगळी हत्यारं मांडली, झेंडूचे हार घातले, नारळ फुटला, पेढे वाटले. पिस्तुलांना कुंकू, मॅगझिनांना कुंकू. माझ्याही बुडावर लागलं, ठिपक्याला अगदी खेटून.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याचा बंदोबस्त, म्हणून पूजा आटोपताच सफाई करायची होती. गणपतरावांना साहेबांनी बोलावलं. चिंधी घेऊन बसला वीरेश. कबनूरचा कॉन्स्टेबल, सरळमार्गी, कामाला वाघ. "कुंकू ऱ्हायलं तर गंज धरंल," असं पुटपुटत तो थिनरनं एकेक मॅगझिन घासत होता. मला उचललं. कुंकू पहिल्याच हाताला गेलं. खाली लाल दिसतंय म्हणून पठ्ठ्यानं आणखी जोर लावला.

अरे बाबा, ते कुंकू नव्हे! पण लोखंडाचं ऐकतो कोण? ठिपका गेला, आणि मी चांगल्या मॅगझिनांच्या ओळीत जाऊन बसलो.

आई अंबाबाई! काय भ्यालो म्हणून सांगू. कपाटाचं कुलूप वाजलं की माझं पाणीपाणी व्हायचं. दसऱ्याला शेजारचं मॅगझिन गेलं. सुटलो म्हटलं. पुढं आणखी एक गेलं. तेव्हाही सुटलो. मग एका दुपारी धावपळ उडाली. चाकूहल्ल्यातला एक फरारी कबनूरला यंत्रमागाच्या शेडमध्ये लपलाय, अशी खबर आली. गणपतरावांनी सवयीनं माझं बूड बघितलं. ठिपका दिसला नाही. त्यांनी मला संयोगिताच्या हातात ठेवलं.

ती गोळ्या भरत होती आणि एकेक गोळी पोटात उतरताना मी मनात ओरडत होतो, पोरी, मला नको नेऊ!

शेडमध्ये मागांचा खडखडाट एवढा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. गल्ल्या माहितीतल्या, म्हणून वीरेश पुढं. एवढ्यात सूत गुंडाळलेल्या मोठ्या रुळांमागून, बिमांमागून, तो फरारी उठला आणि त्यानं गावठी कट्टा वीरेशच्या छातीवर धरला.

"टाक खाली!" संयोगिता ओरडली. त्यानं टाकला नाही. तिनं गोळी झाडली, ती भिंतीत गेली. तिनं पुन्हा चाप ओढला.

काही नाही. मी अडकलो होतो.

वीरेशचे दोन्ही हात वर होते. तो माणूस दचकून संयोगिताकडं वळला होता, आणि आता कट्टा तिच्यावर होता. माझ्या ओठांत गोळी आडवी आणि मी थिजलेलो. एवढ्यात बुडावर तळव्याची थाप बसली. स्लाइड मागं गेली. सुटली. तिचे डोळे त्या माणसावरून हललेसुद्धा नाहीत. गोळी त्याच्या दंडात घुसली, कट्टा खाली पडला आणि वीरेशनं झेप घेतली.

परत आल्यावर तिनं मला रिकामं करून टेबलावर ठेवलं. "काका, ह्ये फाकल्या ओठाचंच न्हवं का?"

गणपतरावांनी ओठावरून बोट फिरवलं. मग मला उलटं करून बूड बघितलं. "ठिपका कुठं गेला ह्येचा?"

वीरेश स्वतःच्या हातांकडं बघत राहिला. "मीच पुसला असणार काका. कुंकवाबरुबर."

गणपतरावांनी हातोडा काढला. खोटं कशाला बोलू, त्या हातोड्याची मला भीती वाटली नाही. मोडा एकदाचं, म्हटलं. पण संयोगितानं त्यांचा हात धरला.

"मोडू नका. ह्येच्यावर शिकलो म्हणून हात चालला. न्हायतर काका, आज आमी दोघं..."

"मग परत रंग लावू?" गणपतरावांनी विचारलं.

"रंग नको काका, रंग पुसला जातोय," वीरेश म्हणाला. कानस त्यानंच आणली. माझ्या बुडाच्या कडेला खोल खाच पाडली. मी मनातल्या मनात किंचाळलो, पण गप उभा राहिलो. मग संयोगितानं देवीच्या तसबिरीपुढचं कुंकू बोटावर घेतलं. ते लाल बोट बघून मला पुन्हा ती थिनरची चिंधी आठवली. पण तिनं आधी खाचेत नख घालून बघितलं आणि मग कुंकू लावलं.

आता मी सरावाच्या पेटीत असतो. भीती गेलेली नाही, कुलूप वाजलं की स्प्रिंग अजून आखडते. गणपतराव उद्या निवृत्त होतील, वीरेशची बदली होईल, नवी माणसं येतील. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. मला कुंकू लावा, न लावा, लावलं तर खुशाल पुसा. पण हातात घेताना बुडावरून एकदा बोट फिरवा. खाच लागली तर पाया पडतो तुमच्या, मला खाली ठेवा.