गाळ किती बसला?

एकतीस वर्षं काकूंनी घरात एक कायदा चालवला होता. नवरा कामावरून आला की आधी आंघोळ, मग घरात पाऊल. मागच्या दाराशी मोरी होती, तिथे गरम पाणी आणि धुतलेले कपडे ठेवलेले असायचे, आणि काका मुकाट्याने तिथूनच आत यायचे. शहराचं सगळं सांडपाणी जिथे साफ होतं त्या प्लँटवर ते टाक्या सांभाळायचे. नवरा काय करतो असं कुणी विचारलं तर काकू "पाणीखात्यात आहेत" एवढंच सांगायच्या आणि विषय बदलायच्या. त्या स्वतः प्लँटच्या फाटकापर्यंतसुद्धा कधी गेल्या नव्हत्या. आता तुम्हीच सांगा, घाण बघायला कुणी हौसेने जातं का?

मग काकांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या बंद झाल्या. "जन्मभर गावाच्या तुंबलेल्या नळ्या बघितल्या, आता माझ्या," असं म्हणून ते हसत हसत ऑपरेशनला गेले. ऑपरेशन छान झालं. मोठे डॉक्टर स्वतः बाहेर येऊन तसं सांगून गेले आणि काकूंच्या जिवात जीव आला. दोन दिवस काका शहाण्यासारखे पडून होते. तिसऱ्या दिवशी सकाळी काकू वॉर्डात शिरल्या तर काका छताकडे बोट दाखवून ओरडत होते.

"हवा बंद पडलीय! अरे, मरतील ना सगळे! ब्लोअर चालू कर!"

"अहो, कोण मरतंय? मी आलेय, मी."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. ओळखीची एक रेघसुद्धा चेहऱ्यावर उमटली नाही. "तू नवीन दिसतोस," ते म्हणाले. "गाळ किती बसला ते सांग आधी."

नवऱ्याने बायकोला ओळखू नये? ज्या माणसाला कुलपाची किल्ली सापडत नसली तरी बायकोचा आवाज तीन खोल्यांपलीकडून कळायचा, त्या माणसाने? पण काकू खमक्या. वेड्याच्या कलाने घ्यावं म्हणून त्यांनी ठोकून दिलं, "बसला की! भरपूर बसला. नऊशे!" जास्त सांगितलं तर खूश होतील, असा त्यांचा हिशोब.

"नऊशे?" काकांचे डोळे विस्फारले. "नऊशे म्हणजे बसलाच नाही! टाकी गेली! सोड मला!" आणि ते उठायलाच लागले. हाताची सुई निघाली, उशाशी यंत्र किंचाळायला लागलं, दोन सिस्टर धावत आल्या. काकांना कसंबसं आडवं केल्यावर मोठी सिस्टर काकूंना म्हणाली, "छातीचं हाड तारांनी जोडलंय, काकू. असे पुन्हा उसळले तर जोड सुटेल. दुपारपर्यंत शांत झाले नाहीत तर हात बांधावे लागतील."

बांधायचे? त्यांचे हात? काकू बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या.

तेवढ्यात हातात कागद घेऊन एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. हृदयाच्या ऑपरेशननंतर काही माणसांना असा भ्रम का होतो, यावर त्यांचा अभ्यास चालला होता. ऑपरेशनच्या आधी काकांनी सही करून एक नमुना दिला होता, आता दुसरा हवा होता.

"कसला नमुना?"

"शौचाचा."

काकू ताडकन उठल्या. "माणसाचं डोकं फिरलंय आणि तुम्ही दुसऱ्या टोकाला काय शोधताय? लाज कशी वाटत नाही?"

डॉक्टरीणबाई शांतपणे त्यांच्याशेजारी बसल्या. "काकू, आपल्या पोटात अब्जावधी जंतू राहतात. सगळे वाईट नसतात. बरेचसे आपल्या उपयोगाचे असतात. आतड्यातून मेंदूकडे सारखे निरोप जात असतात, आणि त्यात या जंतूंचाही हात असतो. ऑपरेशनच्या वेळी उपास घडतो, जंतू मारायची औषधं देतात, रक्त काही तास यंत्रातून फिरतं. त्या धक्क्याने पोटातली वस्ती उजाड होते. भ्रमाचं एक कारण ते असेल अशी आम्हाला शंका आहे. सिद्ध नाही झालेलं. तेच शोधतोय."

"आणि वस्ती परत येते?"

"बहुतेकांची येते. भ्रमही बहुतेकांचा जातो. बहुतेकांचा," त्या पुन्हा म्हणाल्या, आणि त्या शब्दावर काकूंचा जीव अडकला.

दुपारपर्यंत चार तास होते. नऊशे चुकीचं, तर बरोबर काय? काकूंनी बदलायच्या कपड्यांची पिशवी उचलली, रिक्षा केली आणि आयुष्यात पहिल्यांदा प्लँटचा पत्ता सांगितला.

फाटकावर काकांचा वीस वर्षांपासूनचा सोबती उभा होता. त्याला सगळे पंपवाला म्हणायचे. काकूंना बघून तो उडालाच. "वहिनी? तुम्ही? इथे?"

"मला गाळ दाखवा," काकू म्हणाल्या.

नाकाला पदर लावून त्या लोखंडी जिना चढल्या. वर गेल्यावर त्यांचा पदर नकळत खाली आला. त्यांना वाटलं होतं तशी ती गटाराची घाण नव्हतीच. ओल्या मातीसारखा वास होता. खाली तळ्याएवढी टाकी, तांबूस पाणी, आणि तळातून हवेचे बुडबुडे उकळी फुटल्यासारखे वर येत होते. पंपवाल्याने बादलीने पाणी काढून मापाच्या उंच काचेच्या भांड्यात ओतलं आणि ते टेबलावर ठेवलं.

"आता अर्धा तास हात लावायचा नाही. बघत राहायचं."

काकू बघत राहिल्या. आधी सगळं गढूळ. मग त्या गढुळात कण दिसू लागले, कणांचे पुंजके झाले, पुंजके सावकाश खाली उतरू लागले. कुणी ढवळत नव्हतं की गाळत नव्हतं. अर्ध्या तासाने तळाशी तांबडा गाळ होता आणि वर पाणी एवढं नितळ की पलीकडची भिंत दिसत होती.

"तीनशे चाळीस," पंपवाला गाळाच्या माथ्याची खूण वाचून म्हणाला. "हजारापैकी. झकास. आकडा जितका कमी, तितका गाळ चांगला बसला."

"हे केलं कुणी?"

"जंतूंनी. घाण खातात, एकमेकांना धरून राहतात आणि जड होऊन खाली बसतात. या बघा." त्याने थेंबभर पाणी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं.

काकूंनी एक डोळा मिटला आणि दुसरा लावला. अगं बाई! आत केवढं गाव वसलं होतं! कुणी सरपटतंय, कुणी गिरक्या घेतंय, आणि एका पुंजक्यावर नाजूक देठांवर इवल्या इवल्या घंट्या डुलत होत्या. मध्येच एखादी दचकून देठासकट गोळा व्हायची आणि पुन्हा हळूच उलगडायची. काकूंना श्वास घ्यायचंही भान राहिलं नाही.

"घंट्या दिसल्या की टाकीची तब्येत चांगली, असं आमचे साहेब, म्हणजे तुमचे यजमान, म्हणतात," पंपवाला सांगत होता. "चार वर्षांपूर्वी कुठल्याशा कारखान्याचं औषधी पाणी आलं आणि सगळे मेले. टाकी काळी पडली. साहेब तिच्याशेजारी खुर्ची टाकून चार दिवस बसले."

ते चार दिवस काकूंना चांगलेच आठवत होते. बहिणीच्या घराची वास्तुशांत होती आणि काका आले नव्हते. "गटार सख्खं आणि आम्ही सावत्र" म्हणून त्या महिनाभर धुमसत होत्या.

"बसून काय केलं त्यांनी?"

"करण्यासारखं काय असतं, वहिनी? हवा चालू ठेवायची. खाणं थोडं थोडं द्यायचं. घाई करायची नाही. पाचव्या दिवशी पहिली घंटी दिसली आणि आम्हाला पेढे वाटल्यागत आनंद झाला."

काकू टाकीकडे बघत राहिल्या. एवढी मोठी शहरं, एवढी माणसं, आणि सगळ्यांची घाण हे डोळ्यांना न दिसणारे जीव बिनबोभाट निस्तरत होते. तसलेच त्यांचे भाऊबंद माणसाच्या पोटात बसून त्याचं डोकंसुद्धा ताळ्यावर ठेवत असतील? आणि आपला माणूस एकतीस वर्षं यांची सेवा करत होता. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

प्लँटवरच्या नळाखाली डोक्यावरून आंघोळ करून, बरोबर आणलेले कपडे घालून त्या दुपारच्या आत वॉर्डात पोहोचल्या. काका उशीवर डोकं घुसळत होते. सिस्टरच्या हातात कापडी पट्टे होते.

"साहेब," काकू ताठ उभ्या राहून म्हणाल्या, "तीनशे चाळीस. वरचं पाणी नितळ. घंट्या आहेत."

काका थबकले. "हलताहेत?"

"हलताहेत. माझ्या डोळ्यांनी बघितल्या."

"हवा?"

"चालू आहे."

काकांनी मोठा उसासा सोडला. "बंद करू नकोस हं," ते पुटपुटले आणि त्यांचा डोळा लागला. सिस्टर पट्टे घेऊन परत गेली.

दुसऱ्या दिवशी काकू पुन्हा प्लँटवर गेल्या. घरबसल्या आकडा सांगता आला असता, पण खोटं एकदा सांगून त्यांना पुरेसं झालं होतं. तीनशे साठ. तिसऱ्या दिवशी भांडं त्यांनी स्वतः भरलं. तीनशे तीस. रोज आंघोळ, रोज रिक्षा, रोज तो निरोप. काका ऐकायचे, निवायचे, दोन घास खायचे, पण "शाबास रे" म्हणायचे ते एका अनोळखी कामगाराला. बहुतेकांचा, असं म्हणाल्या होत्या डॉक्टरीणबाई. मग उरलेल्यांचं काय होतं? काकूंनी ते कुणाला विचारलं नाही. खुर्ची टाकून त्या बसून राहिल्या. काका झोपले की चादरीवरून त्यांच्या पोटावर हात ठेवायच्या आणि अगदी हळू म्हणायच्या, "या हो परत. तुमच्यासाठी फार राबलाय हा माणूस."

चौथ्या दिवशी पहाटे काकांचं पोट साफ झालं. डॉक्टरीणबाईंना नमुना मिळाला. काकूंनी पुढे होऊन कागदावर सही केली. "घ्या बाई, आणि नीट बघा," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडून त्या दिवशी भलतंच गेलं."

पाचव्या दिवशी काकू वॉर्डात शिरल्या तेव्हा काका खिडकीकडे बघत होते. नेहमीप्रमाणे त्या पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. "साहेब, तीनशे पन्नास. पाणी नितळ. घंट्या..."

काका वळले. बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या ओल्या केसांकडे, हातातल्या पिशवीकडे, पुन्हा तोंडाकडे.

"प्लँटवर गेली होतीस? तू?"

काकूंनी मान हलवली आणि पलंगाकडे पाऊल टाकलं.

"थांब तिथेच," काका म्हणाले. आवाज खोल गेलेला, पण ओठांच्या कोपऱ्यात तेच ते जुनं हसू. "आंघोळ केलीस ना? त्याशिवाय आत यायचं नाही."