भिंतीच्या वाट्याचं पाणी

आख्खी वस्ती पावसाची वाट बघत होती आणि जाईबाईला पावसाची भीती वाटायला लागली होती.

कोपऱ्यातला रांजण पाझरत होता. त्याच्या मागच्या भिंतीत तिचं बोट पेरापर्यंत आत गेलं, चिखलात जावं तसं. भिंत राखेच्या विटांची. गृहनिर्माण संस्थेचा चेअरमन भगवानराव, त्याच्या मेव्हण्यानं पाडलेल्या. साखर कारखान्याची फुकटची राख, नावापुरतं सिमेंट, आणि दुष्काळाचं निमित्त सांगून विटांवर पाणी मारलंच नाही. वडवणीच्या या शिवारात घरं बांधल्यापासून पाऊसच नव्हता, म्हणून घरं उभी होती. दुष्काळानं माणसं झिजवली, चोर तेवढे झाकले.

राख तर रोज झडायची. भाकरीवर, पाळण्यात. जाईबाईचा नातू झोपेतबी खोकायचा. डॉक्टर म्हणाला, पोराला धुळीतून बाहेर काढा. काढून ठेवायचं कुठं?

त्या दिवशी भगवानराव विहारासमोर खुर्ची टाकून बसला. घर चांगलं मिळालं, असं प्रत्येकानं लिहून द्यायचं होतं. एकदा अंगठा उठला की संस्था मोकळी.

"विटा इरघळतात," जाईबाई म्हणाली. "मी अंगठा देणार न्हाई."

"इतके दिवस झाले बाई, पडली का एक तरी भिंत?"

"पाऊस कुठं पडला?"

"मग आधी पाऊस तर पडू दे!" भगवानराव हसला. सोबतचे दोघं-तिघंबी हसले. त्यांना त्याचीच मजुरी होती.

तेवढ्यात विहाराशेजारी, जाईबाईच्या घरापुढंच टँकरचा हॉर्न वाजला आणि बैठक मोडली. घागरी, ड्रम, कळशा घेऊन बाया पळाल्या. जाईबाईचा नंबर आला तशी ती मुलाला म्हणाली, "भारत, सुनंला अन् पोराला बाहेर काढ. पाळणाबी काढ."

"कावून? काय करतीस आई?"

"पाऊस पाडते."

तिनं टँकरचा पाइप ओढला आणि ड्रम सोडून आपल्याच भिंतीवर धरला.

"अगं येडी झालीस का? प्यायला थेंब न्हाई!" रांगेतून ओरडा उठला.

"माझ्या वाट्याचं हाय. तुमचं घेत न्हाई."

भिंत आधी पाणी पीत राहिली. काळी पडली, फुगली, आणि खालून बसली. पत्रा कलंडला. ज्याला घर म्हणून हार घातला होता, त्याचा गाळ नालीकडं निघाला. पाइप बंद झाला तेव्हा जाईबाईचा ड्रम कोरडाच होता.

भगवानराव खुर्चीवरून उठला. "आपल्या हातानं पाडलंस. आता भरपाई विसर!"

"पाण्यानं पडलं. तुमच्याकडचा पाऊस कशाचा असतो भगवानराव?"

या वेळी मजुरीवाल्यांतला एक चुकून खरंच हसला.

शेजारची पारूबाई आपली भरली घागर घेऊन पुढं आली. "सांगा चेअरमनसाहेब, माझ्या कोणत्या भिंतीला घालू? तुमीच बोट दाखवा."

बोट काही उठलं नाही. अंगठ्यांविना कोरे राहिलेले कागद गोळा करून भगवानराव गाडीकडं निघाला.

जाईबाईनं घमेल्यात आपल्या भिंतीचा चिखल भरला, डोक्यावर घेतला. "बीडला जाते. कलेक्टरच्या टेबलावर ठेवते. कोण येतं?"

पारूबाई घागर आपल्या भिंतीवर ओतायलाच निघाली होती. जाईबाईनं तिचा हात धरला.

"ती ठेव प्यायला. तिथं दारात बसायचंय, लई वेळ लागंल."