मालक कोण?

खोकं तयार झालं की दादा ते नाकासमोर धरून, एक डोळा मिटून बघायचा. कोपरा केसभर जरी वाकडा असला तरी सरळ फाडून टाकायचा. बेकरीवाला वैतागायचा, "अहो, यात केक ठेवायचाय, राजवाडा नाही बांधायचा!" पण खोकी न्यायचा ती दादाकडूनच.

दादा चव्वेचाळीस वर्षांचा. त्याची समज लहानपणापासून मागे राहिलेली, हात मात्र भल्याभल्यांना मागे टाकतील असे. आमचा कारखाना म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि खळीचं पातेलं. बाबा जाताना लिहून गेले, कारखाना थोरल्याचा. पण आपण मालक आहोत हे त्याला कळतं, असं सरकारी तपासनिसाने लिहून दिलं तरच. नाहीतर काकांचा. काकांनी जागेला गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. "त्याला काय, दोन वेळचं घालू की खायला," असं ते म्हणाले तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादाला कुणी घातलेलं खायला नको होतं. त्याला काम हवं होतं.

तपासनीस बाई आल्या. बोलायला गोड होत्या, उगाच कशाला खोटं सांगू. मला म्हणाल्या, "तुम्ही बसा, पण मध्ये बोलायचं नाही." मी पुठ्ठ्यांच्या ढिगावर बसले.

"खोकी कुणाकुणाला देता?"

"चपलांच्या दुकानाला लांब. बेकरीला चौकोनी."

"पुठ्ठा संपला तर?"

"दहा उरले की मागवायचा. संपल्यावर मागवायचा नाही."

बाई हसल्या, लिहीत राहिल्या. माझा जीव भांड्यात पडला.

"छान. आणि इथले मालक कोण?"

दादा ताठ उभा राहिला. हात पाठीमागे बांधले.

"मी मालक नाही. छकुलीला विचारा."

छकुली म्हणजे मी. चाळिशी उलटली तरी त्याची छकुलीच. आणि हे वाक्य माझंच. तीन वर्षांपूर्वी एक गोडबोल्या माणूस 'मालक, मालक' करत आला आणि नको असलेल्या यंत्राच्या कागदावर दादाची सही घेऊन गेला. ते निस्तरता निस्तरता बाबांच्या नाकी नऊ आले. मग महिनाभर मी रोज दादाकडून घोकून घेतलं. कुणी मालक कोण विचारलं, की हेच बोलायचं. सही करायची नाही. हात मागे.

मला राहवलं नाही. "बाई, हे मीच शिकवलंय त्याला!"

बाईंचं पेन थांबलं. "म्हणजे उत्तरं तुम्ही शिकवता?"

हो म्हटलं तरी तो बुडणार, नाही म्हटलं तरी तोच.

बाईंनी प्रश्न पुन्हा विचारला, हळू आवाजात, समजावून. दादाने तेच उत्तर दिलं, आणखी मोठ्याने. त्यांनी सहीसाठी कागद पुढे केला तर तो दोन पावलं मागे सरकला. शेवटी बाईंनीच कागद घडी करून पिशवीत ठेवला. "वाईट वाटतं हो," म्हणाल्या, आणि ते खरंही असेल.

त्या गेल्यावर दादा माझ्याकडे आला. चेहरा नुसता फुललेला.

"छकुले, किती वेळा विचारलं तिने! मी फसलो नाही. सहीपण नाही केली."

"शहाणा माझा दादा," मी म्हटलं. मला मोठ्याने रडायचं होतं. पण रडले असते, तर त्याला वाटलं असतं, आपलंच काहीतरी चुकलं.