माझ्या वाट्याची पिवळी रेघ

मी एक जुना कसोटीचा दगड आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांनी मला पाहिले आहे? हात वर करा. बघा, एकही नाही! आता सोने पाहिलेल्यांनी हात वर करा. झाले, सगळेच हात वर! हेच माझे जुने दुखणे आहे.

माझा जन्म तुंगभद्रेच्या पात्रातला. पाण्याने मला गुळगुळीत केले आणि एका सोनाराने उचलून बंगळूरला आणले. त्या सोनाराचे नातू नरसिंहराव पोतदार. चिकपेटेतल्या त्यांच्या दुकानात गादीशेजारी माझी जागा होती. पोतदारांचे घराणे तीनशे वर्षांपूर्वी मराठी मुलखातून इकडे आलेले, त्यामुळे त्यांची मराठी निम्मी कानडीत भिजलेली.

माझे काम सोपे. दागिना माझ्या अंगावर घासला की पिवळी रेघ उमटते. तिच्यावर तेजाबाचा थेंब टाकायचा. हिणकस धातूची रेघ विरून जाते, खऱ्या सोन्याची जागची हलत नाही. मग सोन्याचे कौतुक सुरू! म्हणे ते गंजत नाही. म्हणे गुंजभर सोने ठोकत गेले तर कागदाहून पातळ वर्ख होतो. म्हैसूरच्या फेट्याला जर त्याची, देवळाला कळस त्याचा, वैद्याच्या खलात भस्म त्याचे, श्रीमंताच्या तोंडात दातसुद्धा त्याचा. कोलारच्या खाणीत मैलभर खोल उतरून माणसे त्याला वर आणतात. अहो, मीही जमिनीच्याच पोटचा ना? चांगल्या सोन्याला लोक 'बावनकशी' म्हणतात. कस लावायचा मी आणि शाबासकी त्याला! वर काम झाले की माझ्या अंगावरची रेघही फडक्याने पुसून टाकायची. मी जळत असे. मुळातच काळा, म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही इतकेच.

एकोणीसशे एकोणसाठ साली, दसऱ्याच्या आधी, बंगळूरच्याच राजाजीनगरहून गोदूबाई आणि त्यांची सून वीणा दुकानात आल्या. गोदूबाईंचा मुलगा उमाकांत विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर होता. पुण्याहून येऊन त्यांना जेमतेम वर्ष झाले होते. वीणाच्या पाटल्या मोडून गोदूबाईंना नव्या घडणीच्या करायच्या होत्या. त्या पाटल्या लग्नात वीणाच्या वडिलांनी घातलेल्या. वडील साताऱ्याला शाळामास्तर, आणि मास्तरांच्या ऐपतीवर गोदूबाईंचा पहिल्यापासून विश्वास नव्हता.

"स्वल्प थांबा," असे म्हणून नरसिंहरावांनी आधीच्या गिऱ्हाईकाची अंगठी घासली. थेंब पडताच तिची रेघ विरली. वीणा ते टक लावून पाहत होती. मग त्यांनी तिची पाटली घासली, थेंब टाकला. रेघ जशीच्या तशी! नरसिंहराव खूश होऊन म्हणाले, "अक्का, खोट सोन्ने!"

मित्रांनो, कानडीत 'सोन्ने' म्हणजे शून्य. ह्यात खोट अजिबात नाही, एवढेच त्यांना म्हणायचे होते. पण पुण्याच्या कानांना भलतेच ऐकू आले.

"खोटं सोनं?" गोदूबाई ताडकन उठल्या. "वाटलंच होतं मला! मास्तरानं फसवलं. वीणा, उद्याच माहेरी जा. खऱ्या पाटल्या हातात असतील तरच परत ये."

वीणाचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, असं नका हो म्हणू! माझ्या आईचं गंठण मोडून केल्यात ह्या बाबांनी."

आणि मी? खरे सांगतो, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. जन्मात पहिल्यांदा कोणी खऱ्या सोन्याला खोटे म्हटले होते! खरी रेघ माझ्याच अंगावर होती. मला तोंड नाही, पण असते तरी त्या वेळी मी ते उघडले नसते.

वीणाने मात्र मलाच जवळ ओढले. "काका, ही रेघ तर अजून तशीच आहे. खोटं असतं तर त्या अंगठीसारखी गेली नसती का?"

"खोटं कोण म्हटलं, अम्मा? मी म्हटलं, खोट सोन्ने!" नरसिंहरावांनी पेन्सिलीने कागदावर मोठा गोल काढला. "हे बघा, सोन्ने!"

वीणा रडता रडता हसली. "आई, भोपळा म्हणतायत ते! खोट भोपळा!"

सोनारानेच कान टोचावे लागतात म्हणतात, ते असे. गोदूबाई मटकन खाली बसल्या. माझ्या अंगावरची रेघ त्यांनी वाकून निरखली. मग त्यांनी स्वतःच्या हाताने पाटली वीणाच्या हातात चढवली. "राहू देत. मोडायच्या नाहीत ह्या. मास्तरांना पत्र टाक, दसऱ्याला इकडेच या म्हणावं."

नरसिंहरावांनी मला पुसायला फडके उचलले. वीणा म्हणाली, "काका, एवढी रेघ राहू द्या." तिने मला हात लावून नमस्कार केला. तिच्या फजितीवर खूश झालेल्या दगडाला! मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पुढे त्रेसष्ट साली कायदा आला. चौदा कॅरेटहून शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली आणि नरसिंहरावांचे दुकान बंद पडले. आता मी त्यांच्या स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीच्या फडक्यावर दडपण म्हणून बसतो. सोने कपाटात आणि मी तेलात! अजूनही जळतो, खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, घरात माझ्यासारखा काळा दगड सापडला तर फेकू नका, नीट धुऊन ठेवा. आणि कोणाला खोटे ठरवण्याआधी त्याची रेघ एकदा नीट बघा. माझ्या अंगावर वीणाच्या पाटलीची रेघ अजून आहे. त्या दिवशी तिच्यात खोट सोन्ने होती. माझ्यात मात्र होती.