ताटात उरलेलं

"आई, तू जाड झालीयेस की पोटात बाळ आहे?"

मैत्रिणींनी पैज लावली होती. हिंमत असेल तर प्रयोगशाळेत, सगळ्यांसमोर विचार, असं रेडिओ म्हणाली. रेडिओ म्हणजे माझ्या बाकावरची मैत्रीण; तिच्या कानात काही पडलं की शाळाभर वाजतं. आई आमच्याच शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. परीक्षानळ्या धुते, स्पिरिटचे दिवे भरते, बाईंनी मागायच्या आत चिमटा पुढे करते. तिच्या पांढऱ्या कोटाचं मधलं बटण लागेनासं झालंय, हे माझ्याआधी वर्गाने पाहिलं होतं.

आईने हातातली नळी आधी स्टँडमध्ये नीट उभी केली. मग म्हणाली, "दोन्ही."

वर्ग हसला, मीही हसले, पैज जिंकले. घरी येईपर्यंत मात्र पोट दुखायला लागलं होतं ते माझंच. इतकी वर्षं मी एकुलती एक होते आणि मला ते छान जमत होतं.

त्या दिवसापासून घरातलं माझं राज्य खालसा झालं. बाबा शिलाई मशीन दुरुस्त करतात, बोटांचं तेल कधी पुरतं जात नाही. आता ते दुकानातून आले की हात घासघासून धुवायचे आणि आईसाठी सफरचंद सोलायला बसायचे, साल तुटू न देता. मला उभ्या जन्मात त्यांनी साधं संत्रं सोलून दिलं नव्हतं. शेजारच्या काकू वाटीवर झाकण घालून काही ना काही आणायच्या, दोन जिवांची आहेस, दोघांचं खा म्हणायच्या. दार उघडायचे मी, पण माझ्या एका जिवाची चौकशी नाही.

म्हणून मी जेवण टाकायला लागले. अर्धा भात, अर्धी भाजी तशीच ठेवून उठायचं, जरा पाय आपटत. पूर्वी बाबा लगेच विचारायचे, काय गं, पोट बरंय ना? आता त्यांचं सगळं लक्ष आईच्या ताटाकडे. मग मी आणखी टाकू लागले.

तपासणीच्या दिवशी बाबांना दुकान सोडता येईना, म्हणून आईबरोबर मी गेले. नर्सबाईंनी तिला काट्यावर उभं केलं आणि आठ्या घातल्या. वजन फार भराभर वाढतंय, साखरही काठावर आहे, म्हणाल्या. दोघांचं खायचं नसतं, रोजच्यापेक्षा थोडंसं जास्त आणि चांगलं खायचं. उपाशी मात्र राहायचं नाही. पुढच्या वेळी साखर वर गेली तर इथेच ठेवून घेऊ, या वयात धोका बाळाला असतो तसा आईलाही.

आईने सगळं सांगितलं, सफरचंद सांगितलं, काकूंची वाटीही लपवली नाही. तरी एवढं वजन कसं, ते नर्सबाईंना कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. बाळावरचा माझा राग जिथल्या तिथे होता, पण 'आईलाही' ऐकल्यावर घरी येईपर्यंत मी आईचा हात सोडला नाही.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर मी पाणी प्यायला आत गेले. आई मोरीपाशी उभी होती, हातात माझं ताट. गार भात, थिजलेली भाजी. चवीने नाही, नळ्या धुवाव्यात तशी भराभर संपवत होती.

"भूक लागलीय तुला?"

"नाही गं."

"मग?"

"अन्न टाकवत नाही." ती ओशाळली. "आणि तुझं उष्टं मी काय आज खातेय? तुला दात आले तेव्हापासून खातेय. ते मी जेवणात धरतच नाही."

मला वाटायचं, माझ्या ताटाकडे घरात कुणी बघत नाही. आणि ते आत बसलेलं, अजून तोंडही न दाखवलेलं, माझ्याच ताटातलं जेवून गुबगुबीत होत होतं.

मी आईच्या हातून ताट घेतलं. उरलेला भात तिथेच उभ्याने गिळला. मग बाबांना हाक मारली.

"ऐका दोघं. उद्यापासून माझं ताट मी वाढून घेणार, थोडंच घेणार, आणि पुसून संपवणार. आईने माझं उष्टं खायचं नाही."

आई काही बोलणार होती. मी तिला बोलू दिलं नाही.

"आणि त्या बाळालाही द्यायचं नाही. माझ्या ताटातलं हवं असेल तर आधी बाहेर ये म्हणावं, आणि माझ्याकडे माग."