पडद्यावरचा गोवर

गांधीबागेमागच्या आमच्या समाजभवनात पाय ठेवायला जागा नव्हती. भर मे महिना. कूलर घरघरत होते आणि पांढऱ्या पडद्यावर कुणाच्या तरी बाळाच्या लाळेतले किडे वळवळत होते. सूक्ष्मानंद महाराजांनी सूक्ष्मदर्शकाखालच्या थेंबात तीर्थ टाकलं. किडे आक्रसले, थांबले. बायांनी हात जोडले.

"पाहिला गोवरचा व्हायरस? विलायतेतले शास्त्रज्ञ आता सांगून राहिले, की विषाणू जंतूले खाते. आपल्या तीर्थात तोच विषाणू हाय, मंत्रावर पोसलेला!"

मंत्रावर पोट भरणारं त्या भवनात एकच होतं, आणि ते सूक्ष्म नव्हतं.

माझी भैरवी नऊ महिन्यांची. गल्लीत गोवर निघालेला, उद्या तिची लस. सासूबाई अडून बसलेल्या. "मागच्या सुईनं लेकरू तापानं फणफणलं. इथं सुईबिना काम होऊन राहिलं, तर काहून टोचायचं वं?"

आमच्यात तान्ह्या बाळाला परक्यासमोर उघडं करत नाहीत, दृष्ट लागते. महाराजांना ते फार सोयीचं. आईने चादरीआड बाळाच्या तोंडात कापसाची काडी फिरवायची. महाराज ती आपल्या बाटलीतल्या 'शुद्ध जला'त बुडवून थेंब काचेवर ठेवणार.

सासूबाई जागा धरायला आधीच निघालेल्या, तेव्हा भैरवीला मी घरी तिच्या बाबांपाशी ठेवलं. दुपट्यातलं गाठोडं छातीशी धरून चादरीआड गेले, काडी फिरवून आणली.

पडद्यावर वळवळ सुरू झाली. "अरारा! पोरीच्या अंगात गोवर भरला हाय! सुई टोचाल तर जिवावर बेतन." पुढच्या रांगेत सासूबाई रडायला लागल्या. तीर्थ पडलं, किडे मेले. "झाली मोकळी! उद्या सुई नाही."

मी दुपटं सोडलं. आत भैरवीची रबरी बाहुली.

मागून गल्लीतली गोदूबाई म्हणाली, "काहून गा महाराज, रबराले बी गोवर निघते का?"

भवन हसून लोळलं. महाराज ओरडले, "श्रद्धा नसली की दिसत नाही!"

"दिसलं, म्हणून तर फसलात," म्हणत शेजारची दिपाली पुढे आली. शाळेत विज्ञान शिकवते ती. तिने बाटलीतला थेंब काडीशिवायच काचेवर ठेवला: तीच वळवळ. कूलरच्या टाकीतला ठेवला: तीच. त्यात चिमूटभर मीठ टाकलं: सगळं थंड.

"शुद्ध जल म्हणजे कूलरचं शिळं पाणी, तीर्थ म्हणजे खारं पाणी. गोवरचा विषाणू इतका बारीक, की या यंत्रातून दिसतच नाही. जंतू खाणारे विषाणू खरे आहेत, त्यांच्यावर संशोधनही चाललंय. पण ते खातात जिवाणूंना, तेही ठरावीकच. गोवरला ते तोंड लावत नाहीत."

सकाळी भैरवीला सासूबाईंनीच उचलून दवाखान्यात नेलं. सुई टोचली, पोरीने टाहो फोडला. "रड वं माय, रड," त्या म्हणाल्या. "ताप आला तर मांडीवर घेऊन बसीन."

बायांनो, लेकराची काळजी खरी असते, म्हणूनच तिच्यावर असली दुकानं चालतात. हात जोडायचे तर जोडा. पण त्याआधी एवढं विचारा, की बाटलीत आधीपासून काय होतं?